जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनातील झिजलेले व्हॉल्व्ह, रॉकर आणि कॅम पूर्ववत कसे करावेत

जुन्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यातून टकटक ऐकू येऊ लागली की बहुतेकांचा हात सर्वप्रथम फट जुळवणाऱ्या टॅपेटच्या स्क्रूकडे जातो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फट कमी केली की आवाज काही काळ दबतो. परंतु ज्या कारणाने फट वाढली ते कारण आत तसेच राहते, आणि भागावरचा कडक थर एकदा फुटला की पुढची झीज झपाट्याने होते. कॅम (उंचवटे असलेला फिरता भाग), टॅपेट (कॅमवर टेकणारा भाग), पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर पोहोचवणारा दांडा), रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी झुलती तरफ), व्हॉल्व्ह, गाइड (व्हॉल्व्हचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी), सीट (बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) आणि स्प्रिंग हे सगळे भाग एकमेकांवर घासत किंवा टेकत काम करतात, त्यामुळे त्यांपैकी एखादाच झिजला आणि त्याचा जोडीदार शाबूत राहिला असे क्वचितच घडते. खड्डे पडलेल्या टॅपेटवर नवा कॅम बसवला किंवा सैल गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह टाकला, तर नवा भाग जुन्याच्या वेगाने खराब होतो. म्हणून या दुरुस्तीत प्रत्येक निर्णय जोडीने घ्यावा लागतो.

वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि सीट कापणे ही कामे बहुतेकांना मशीन शॉपकडूनच करून घ्यावी लागतील. मात्र काय करायचे हे ठरवणे आणि झालेले काम तपासणे ही जबाबदारी इंजिन जोडणाऱ्याचीच आहे. त्यासाठी मायक्रोमीटर, लहान छिद्रे मोजण्याचे गेज, डायल गेज (हालचाल मोजणारे काट्याचे गेज), फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे साधन एवढे पुरते.

खोलण्यापूर्वी आणि खोलताना

इंजिन खोलण्याआधी थंड अवस्थेत प्रत्येक व्हॉल्व्हची फट मोजून लिहून ठेवावी. त्यानंतर फट तात्पुरती शून्यावर आणून डायल गेजचे टोक स्प्रिंगच्या वरच्या वाटीवर टेकवावे, इंजिन हाताने हळूहळू फिरवावे आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते नोंदवावे. ही नोंद अत्यंत मोलाची असते, कारण कॅमची झीज डोळ्यांना दिसण्याआधी या आकड्यात दिसते. दोन सिलिंडरच्या इंजिनात एकाच प्रकारचे दोन व्हॉल्व्ह वेगवेगळे उघडत असतील, तर दोष कुठे शोधायचा हे हेड उतरवण्यापूर्वीच कळते.

सुटे झालेले भाग ज्या जागेवरून आले त्याच जागी परत जाणार आहेत, हे गृहीत धरून खुणा केलेल्या डब्यांत ठेवावेत. टॅपेट आणि कॅमचा उंचवटा, पुशरॉड आणि रॉकर, व्हॉल्व्ह आणि गाइड यांनी वर्षानुवर्षे एकमेकांना आकार दिलेला असतो. ज्या टॅपेटचा तळ गोलाईचा आहे आणि जो फिरत नाही, त्याची दिशाही नोंदवावी.

व्हॉल्व्ह काढताना एक चूक सर्रास होते. रॉकरच्या माराने व्हॉल्व्हच्या दांड्याचे वरचे टोक पसरून त्याची कड बाहेर आलेली असते, आणि कॉटरच्या (स्प्रिंगची वाटी दांड्यावर धरून ठेवणाऱ्या पाचरीच्या) खाचेच्या कडांवरही बारीक कंगोरे उभे राहिलेले असतात. नखाने चाचपले तर ते जाणवतात. असा व्हॉल्व्ह ठोकून बाहेर काढला, तर ते कंगोरे गाइडच्या आतून वरपासून खालपर्यंत चर पाडतात, आणि वापरता येण्याजोगा गाइड त्या एका क्षणात निकामी होतो. कॉटर निघाल्यावर व्हॉल्व्ह जागेवरच ठेवून बोटांनी फिरवत बारीक दगडाने किंवा कानशीने ती कड उतरवावी, कीस पुसून घ्यावा, आणि मगच दांडा गाइडमधून सरकवावा. तो सहज सरकला पाहिजे.

काय मोजावे

व्हॉल्व्हच्या दांड्याचा जो भाग गाइडमध्ये कधीच जात नाही, तिथे मूळ व्यास शिल्लक असतो. तो आधी मोजावा आणि मग गाइडमध्ये घासणाऱ्या भागाचा व्यास वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. गाइडचेही तसेच. रॉकर व्हॉल्व्हला सरळ खाली ढकलताना थोडा आडवाही रेटतो, म्हणून गाइडची दोन्ही तोंडे रॉकरच्या रेषेत लंबवर्तुळाकार होतात आणि मधला भाग मात्र बराच शाबूत असतो. मध्ये एकच माप घेतले तर गाइड चांगला असल्याचा भ्रम होतो.

मध्यम आकाराच्या इंजिनात इनलेटचा (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा आणि गाइड यांच्यातील फट साधारण ०.०२ ते ०.०५ मि.मी. आणि एक्झॉस्टची (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) ०.०४ ते ०.०८ मि.मी. असते. त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा उपलब्ध असेल तर तोच मानावा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह अधिक तापतो आणि अधिक फुगतो, म्हणून तिथली फट मोठी ठेवलेली असते. ती इनलेटइतकी घट्ट केली, तर तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह अडकून पिस्टनवर आदळण्याचा धोका राहतो.

रॉकर ज्यावर झुलतो तो रॉकर शाफ्ट काढल्यावर त्याची खालची बाजू पाहावी. रॉकरच्या एका टोकाला पुशरॉड आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग, दोघेही त्याला वर रेटत असतात, म्हणून शाफ्टची झीज जवळजवळ नेहमी खालून होते आणि वरून तो नव्यासारखा दिसतो. पुशरॉड जाड काचेवर ठेवून घरंगळवावा. वाकलेला असेल तर त्याच्याखाली उजेडाची फट उघडझाप होते. ॲल्युमिनियमच्या पुशरॉडच्या टोकांवर बसवलेल्या स्टीलच्या टोप्या पिळून पाहाव्यात. टोपी फिरली किंवा हलली, तर तो पुशरॉड बदलावा.

गाइड सर्वांत आधी

सीट कापणारे हत्यार गाइडमध्ये घातलेल्या दांडीवर फिरते. म्हणजेच गाइड हा सीटच्या मापाचा आधार आहे, आणि गाइड बदलण्याआधी सीटवर केलेले कोणतेही काम वाया जाते. नवा गाइड जुन्याच्याच अक्षावर अगदी तंतोतंत बसत नाही, त्यामुळे गाइड बदलला की सीट पुन्हा कापलीच पाहिजे, मग ती कितीही चांगली दिसो.

जुना गाइड काढण्यापूर्वी तो हेडच्या वर किती बाहेर आहे ते मोजून ठेवावे. पोर्टच्या (हेडमधील वायूच्या मार्गाच्या) बाजूला त्यावर साचलेला कार्बन पूर्ण खरवडून काढावा. तो ठेवून गाइड वर ठोकला, तर कडक कार्बन हेडच्या भोकात ओरखडे पाडतो आणि नवा गाइड ढिला बसतो. ॲल्युमिनियमचे हेड १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत भट्टीत सर्व बाजूंनी सारखे तापवावे. बर्नरच्या ज्योतीने एकच जागा तापवल्यास हेड वाकू शकते. तापलेल्या हेडमधून दोन व्यासांच्या पायरीदार ड्रिफ्टने (ठोकण्याच्या दांड्याने) गाइड बाहेर काढावा. बिडाच्या हेडमध्ये बिडाचाच गाइड असेल, तर दोन्ही सारखेच प्रसरण पावत असल्यामुळे तापवून विशेष लाभ होत नाही. तिथे प्रेस वापरणे श्रेयस्कर.

गाइड निघाल्यावर हेडचे भोक मोजावे आणि नवा गाइड त्यापेक्षा साधारण ०.०३ ते ०.०५ मि.मी. जाड असावा. भोक मोठे झाले असेल, तर बाहेरून मोठ्या मापाचा गाइड लेथवर करून घ्यावा लागतो. गाइडसाठी बीड आणि फॉस्फर किंवा ॲल्युमिनियम ब्रॉन्झ हे दोन्ही पर्याय योग्य आहेत. ब्रॉन्झ उष्णता लवकर वाहून नेते, म्हणून एक्झॉस्टसाठी माझी पसंती तिलाच आहे. नवा गाइड फ्रीजरमध्ये काही तास ठेवून तापलेल्या हेडमध्ये बसवला, तर फारसे ठोकावे लागत नाही.

बसवल्यावर गाइडचे आतले भोक किंचित आकुंचन पावते. हेड पूर्ण थंड झाल्यावर रीमरने ते मापात आणावे. रीमर तेल देत, एकाच दिशेने फिरवावा आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढावा. उलटा फिरवल्यास त्याची धार जाते आणि भोकाला चरे उमटतात. गाइडमध्ये आतून आटे पाडून भोक लहान करण्याचा एक उपाय प्रचलित आहे, पण त्यात टेकणारा पृष्ठभागच कमी होत असल्याने तो फार काळ टिकत नाही. बाहेरून घट्ट असलेल्या गाइडमध्ये पातळ ब्रॉन्झचे अस्तर बसवणे हा त्याहून पुष्कळ चांगला मार्ग आहे.

व्हॉल्व्ह आणि सीट

व्हॉल्व्हच्या तोंडाच्या कडेची जाडी १ मि.मी.हून बरीच कमी उरली असेल, तर तो पुन्हा वापरू नये. पातळ कड लाल होऊन जळते. दांडा झिजला असेल आणि नवा व्हॉल्व्ह मिळत नसेल, तर दांड्यावर हार्ड क्रोम चढवून तो ग्राइंड करून घेता येतो. वरच्या टोकावर थोडाच खळगा असेल, तर तेही मशीनवर काटकोनात ग्राइंड करता येते, पण तिथला कडक भाग कमी जाडीचा असल्याने दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला चुंबक लावून पाहणे उपयुक्त ठरते. काही व्हॉल्व्हच्या दांड्याला चुंबक चिकटते आणि डोक्याला चिकटत नाही, याचा अर्थ तो दोन वेगळ्या स्टीलचे तुकडे जोडून बनवलेला आहे. उष्णता सोसणारे डोक्याचे स्टील ऑस्टेनिटिक असते आणि ते चुंबकाला दाद देत नाही.

बहुतेक जुन्या इंजिनांत सीटचा कोन ४५ अंश असतो, काहींत ३० अंश. टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी इनलेटला १ ते १.५ मि.मी. आणि एक्झॉस्टला १.५ ते २ मि.मी. असावी. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता याच पट्ट्यातून हेडला देतो, म्हणून तो फार अरुंद करू नये. ४५ अंशाची सीट कापल्यावर पट्टा व्हॉल्व्हच्या तोंडावर फार बाहेर टेकत असेल, तर ३० अंशाच्या कटरने वरची कड घ्यावी. फार आत टेकत असेल, तर ६० अंशाच्या कटरने पोर्टकडची कड घ्यावी.

बारीक पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणे हे शेवटचे हलके काम आहे. व्हॉल्व्ह पुढे-मागे फिरवत, मधूनमधून उचलून पाव फेरा वळवत घासावा आणि सलग करडी पट्टी दिसताच थांबावे. सीट वाकडी असेल तर तासभर घासूनही ती सरळ होत नाही, उलट व्हॉल्व्हच्या तोंडावर खाच पडते. तपासणीसाठी सीटवर दर काही मिलिमीटरला पेन्सिलची आडवी रेघ ओढावी, कोरडा व्हॉल्व्ह बसवून पाव फेरा फिरवावा आणि पाहावे: प्रत्येक रेघ तुटली असेल तर सीट सगळीकडे टेकते. त्यानंतर स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे. काही मिनिटांनंतरही दहनकक्षाच्या बाजूला ओल दिसता कामा नये.

शिसेविरहित पेट्रोलविषयी अनेकांच्या मनात भीती असते. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा इंजिनातील ठोका रोखणारा गुण १९२१ मध्ये सापडला आणि २०२१ मध्ये अल्जीरियातील विक्री थांबल्यावर रस्त्यावरच्या वाहनांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. त्यातील शिशाचा थर बिडात थेट कापलेल्या सीटचे रक्षण करीत असे, हे खरे आहे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मात्र सीटची कडी मुळातच वेगळी बसवलेली असते. सीट खचत असल्याचे लक्षण आवाज वाढणे हे नसून एक्झॉस्टची फट वारंवार कमी होत जाणे हे आहे. तसे घडत असेल तरच कडक सीट बसवून घ्यावी, आणि ते काम अनुभवी मशीन शॉपकडेच द्यावे, कारण ढिली बसलेली सीट निसटली तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात.

सीट जितकी खोल कापली जाते तितका व्हॉल्व्हचा दांडा वर येतो. त्यामुळे स्प्रिंग सैल बसते आणि रॉकरचा कोन बदलतो. स्प्रिंगखाली तेवढ्याच जाडीचा शिम (पातळ चकती) घालून तिची बसवलेली उंची परत मूळ मापावर आणावी.

रॉकर

रॉकरच्या ज्या टोकाने व्हॉल्व्ह दाबला जातो तिथे ठराविक त्रिज्येची गोलाई असते. व्हॉल्व्ह उघडताना हे टोक दांड्यावर काही अंशी लोळते आणि काही अंशी घसरते. त्यात खळगा पडला की फीलर गेजची सरळ पट्टी खळग्याच्या दोन कडांवर पूल बांधल्यासारखी टेकते, आणि मोजलेली फट खऱ्या फटीपेक्षा कमी येते. टॅपेटची फट अनेकदा जुळवूनही आवाज न जाण्याचे हे अगदी सामान्य कारण आहे.

मूळ गोलाई कोणती, हे शोधण्यासाठी रॉकरचाच आधार घेता येतो. टोकाची रुंदी बहुधा व्हॉल्व्हच्या दांड्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कडेला न घासलेली अरुंद पट्टी शिल्लक राहते. त्या पट्टीवरून पातळ पत्र्याचा नमुना कापून घ्यावा. खळगा एक-दोन दशांश मिलिमीटरचाच असेल, तर रॉकर त्याच्या भोकावर टेकवून झुलवता येईल अशा जिगवर (काम धरून ठेवणाऱ्या साधनावर) ग्राइंड करावा आणि नमुन्याशी जुळवावा. हातात धरून ग्राइंडरवर घासलेली गोलाई भोकाच्या अक्षाशी समांतर राहत नाही, मग दांड्याच्या एकाच कडेवर सगळा भार येतो.

ग्राइंड केल्यावर कडक थर उरला आहे का, हे नव्या बारीक कानशीने एका कोपऱ्यात तपासावे. कानस काचेवरून सरकल्यासारखी निसटली तर थर शाबूत आहे. तिने दात रोवून कीस काढला तर थर संपलेला आहे, आणि असा रॉकर तसाच बसवला तर फार थोड्या अंतरात पुन्हा खड्डा पडेल. अशा वेळी टोकावर स्टेलाइटसारख्या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा थर वेल्ड करून तो पुन्हा गोलाईत ग्राइंड करून घ्यावा. हा मिश्रधातू तापल्यावरही आपला कडकपणा टिकवतो. शेवटी अगदी बारीक दगडाने आणि तेलाने पॉलिश करावे, आणि ओरखड्यांची दिशा घसरण्याच्या दिशेशी समांतर ठेवावी.

रॉकरचे भोक झिजले असेल, तर फॉस्फर ब्रॉन्झचा बुश (आतली नळी) बसवून तो शाफ्टच्या मापाला रीम करावा. तेलाचे छिद्र बुशमध्येही पाडलेच पाहिजे आणि ते मूळ छिद्रासमोर आले पाहिजे. हे विसरलेला रॉकर पहिल्याच दिवशी कोरडा फिरतो. शाफ्ट अर्धा वळवून न झिजलेली बाजू खाली आणण्याची युक्ती तेलाच्या छिद्रांची जागा तशी असेल तरच आणि तात्पुरतीच चालते.

जोडल्यावर भूमिती तपासावी. व्हॉल्व्ह निम्मा उघडलेला असताना रॉकरचे टोक दांड्याच्या मध्यावर टेकलेले असावे. दांड्यावर शाईचा पातळ थर लावून इंजिन हाताने फिरवल्यास उमटणारी पट्टी अरुंद आणि मध्यभागी दिसली पाहिजे.

कॅम आणि टॅपेट

सुरुवातीला नोंदवलेली उचल (व्हॉल्व्ह किती उघडतो तो आकडा) पुस्तिकेतील आकड्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल, किंवा उंचवट्याच्या टोकावर खड्डे, पोपडे अथवा चमकदार सपाट पट्टा दिसत असेल, तर कॅमचे काम करावेच लागते. दोन मार्ग आहेत. पहिल्यात झिजलेल्या टोकावर कडक धातू वेल्ड करून मूळ नमुन्याप्रमाणे ग्राइंड करतात. दुसऱ्यात धातू न भरता उंचवटा आणि मूळ वर्तुळ (कॅमचा उंचवटा नसलेला गोल भाग) दोन्ही सारखेच लहान केले जातात. सपाट तळाच्या टॅपेटखाली अशा कॅमची उचल तंतोतंत पूर्वीइतकीच राहते, कारण टोक जितके खाली गेले तितकेच मूळ वर्तुळही गेले. टॅपेट तेवढा खाली बसतो आणि ती तफावत स्क्रूने किंवा लांब पुशरॉडने भरून काढावी लागते. मात्र उंचवट्याचे टोक अधिक टोकदार होते, त्यावरील दाब वाढतो, आणि मूळ कडक थर संपून आतला मऊ धातू उघडा पडू शकतो. म्हणून ग्राइंड केलेला कॅम कडकपणा मोजून, आवश्यक असेल तर नायट्रायडिंग (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक करणे) करूनच घ्यावा. गोलाईच्या तळाच्या टॅपेटसाठी नुसते सारखे घासून भागत नाही. तिथे आकार नव्याने काढावा लागतो.

टॅपेटचा तळ त्याच वेळी ग्राइंड करून घ्यावा. ट्रायम्फच्या जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत टॅपेटच्या तळाशी स्टेलाइटचा तुकडा जोडलेला असतो. त्याला चीर गेली आहे का, हे भिंगाखाली पाहावे. अनेक जपानी इंजिनांत कॅमशाफ्ट वेगळ्या बेअरिंगशिवाय थेट ॲल्युमिनियमच्या आधारात फिरतो. तिथे आधारच झिजला असेल, तर नुसता कॅम बदलून उपयोग होत नाही. भोके एका रेषेत बोअर करून बुश बसवावे लागतात, आणि तेलाचे मार्ग दाबाच्या हवेने फुंकून मोकळे करावे लागतात.

जोडणी आणि पहिली सुरुवात

स्प्रिंगची दुरुस्ती होत नाही. मोकळी लांबी किंवा दाब कमी झाला असेल तर ती बदलावी. पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकण्याआधी किमान १ मि.मी. वाव उरला पाहिजे, आणि वेढे जिथे दाट आहेत ती बाजू हेडकडे ठेवावी. कॅम किंवा सीटचे काम झाले असेल, तर पिस्टनच्या माथ्यावर मऊ प्लॅस्टिसिन लावून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि दबलेल्या जागेची जाडी मोजावी. इनलेटला १.५ आणि एक्झॉस्टला २ मि.मी.पेक्षा कमी अंतर असेल तर पुढे जाऊ नये.

जुन्या इंजिनांत गाइडवर तेलाचे सील नसतील, तर ते नव्याने बसवू नयेत. तिथे गाइडला मिळणारे तेल मुळातच थोडे असते.

फट ही त्या त्या इंजिनाचीच ठेवावी. ट्रायम्फच्या ६५० सीसी पुशरॉड ट्विनला थंड असताना इनलेटला ०.००२ आणि एक्झॉस्टला ०.००४ इंच फट लागते, १९६९ च्या होंडा सीबी ७५० ला ०.०५ आणि ०.०८ मि.मी., तर बिडाच्या इंजिनाच्या रॉयल एनफिल्ड बुलेटला पुशरॉड बोटांनी सहज फिरेल पण वर-खाली हलणार नाही, अशी शून्य फट ठेवतात. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पुशरॉडऐवजी स्टीलचे बसवून जुनाच आकडा कायम ठेवणे चुकीचे आहे.

कॅम आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट आणि बाकी सर्व सांध्यांना इंजिन ऑइल लावून जोडणी करावी. ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचे झीजरोधक द्रव्य पुरेसे असावे. कारसाठीच्या अलीकडच्या पातळ ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी केलेले असते, म्हणून मोटारसायकलसाठी बनवलेले, ओल्या (ऑइलमध्ये फिरणाऱ्या) क्लचला चालणारे ऑइल निवडावे. सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, रॉकरपर्यंत तेल आलेले दिसेपर्यंत इंजिन किकने फिरवावे. सुरू झाल्यावर नव्या कॅमला मंद गतीवर सोडू नये, कारण तेव्हा तेल सर्वांत कमी उडते आणि उंचवट्याच्या टोकावर स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त असतो. पंखा समोर ठेवून मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर, गती थोडी कमी-जास्त करीत काही मिनिटे चालवावे, तापल्यावर बंद करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा तसेच करावे.

पूर्ण थंड झालेल्या इंजिनाचे हेड ठरवून दिलेल्या टॉर्कने पुन्हा आवळावे आणि त्यानंतर फटी परत तपासाव्यात, कारण गॅस्केट दबले की फट बदलते. साधारण ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलावे, जुने ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून त्यावरून चुंबक फिरवावे. राखाडी बारीक पूड अपेक्षित आहे. चमकदार चकत्या किंवा नखाला टोचणारे कण निघाले, तर कॅम आणि टॅपेट त्याच दिवशी उघडून पाहावेत.